पाकोळीच्या पिल्लांचे डोळे

आमच्या साम्बुको गावात मराल्दोला कुणी मराल्दो म्हणत नसे. सगळे त्याला सुईवाला म्हणत. आता शिंप्याची सुई नव्हे हो. पानगळीच्या दिवसांत समुद्रावरून ससाणे येत, तेव्हा हा कड्यावर जाळं लावून त्यांना धरायचा आणि धरल्या धरल्या तिथंच मांडी घालून त्यांच्या पापण्या शिवायचा. खालच्या पापणीतून दोरा ओवायचा, ती वर ओढायची, दोन्ही टोकं डोक्यावर आणून गाठ मारायची. डोळे मिटलेलं पाखरू गप्प बसतं, माणसाच्या हाताला आणि आवाजाला सरावतं. मग रोज दोरा जरासा सैल करायचा. उजेड आधी फटीतून, मग अर्धा, मग पुरता. बिशपच्या पागेशेजारी ससाण्यांची खोली होती, तिथली बहुतेक पाखरं मराल्दोच्याच हाताखालून गेलेली होती आणि त्याच्या हातून एकाही ससाण्याचा डोळा कधी गेला नव्हता.

सुरुवातीला पाखरू असं काही फडफडतं, की नवख्याचा जीव कासावीस व्हावा. मराल्दो म्हणायचा, "फडफडू दे. त्याचा डोळा दुखत नाही, त्याला अंधार दुखतो. दोनचार दिवसांनी आपोआप शांत होतंय बघ." आणि तसंच व्हायचं. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घात त्याच वाक्यानं केला.

त्याला एकच मुलगी होती, सीका. गावात गोवर आला त्या वर्षी तिची आई गेली, आणि पोर वाचली ती दोन्ही डोळ्यांत पांढरं फूल पडून. उजवा डोळा तर गेल्यातच जमा. डाव्यानं मात्र थोडंफार कळायचं. दिवस कळायचा. दारात कुणी उभं राहिलं तर सावली कळायची. नाकाशी लिंबू धरलं तर पिवळं दिसायचं. आणि तिला भिंती दिसायच्या. घरापासून विहिरीपर्यंतची आमची गल्ली दोन्ही बाजूंनी चुन्यानं रंगवलेली. ऊन वर आलं की भिंती अशा झळाळायच्या, की सीका त्या पांढऱ्याच्या कडेकडेनं एकटी चालत जायची, डोक्यावर घडा घेऊन, कुणाचा हात न धरता.

म्हणून मराल्दो दरवर्षी ईस्टरच्या आधी गल्लीभर चुना लावायचा. स्वतःच्या घराला आणि शेजाऱ्यांच्याही. लोक हसायचे. "लाव बाबा लाव, आमचं काय जातंय! मागच्या बाजूलाही दोन हात मार." तो मारायचा. त्याला वाटे, विहिरीपर्यंत कुठंही काळा डाग राहता कामा नये.

आणि पोर म्हणजे नुसती जिभेला धार लावलेली. समोरून बिसांता म्हातारी आली, की ही घडा सावरत म्हणायची, "कोण, बिसांता मावशी ना? तुमच्या आधी तुमचं पोट येतं, लगेच ओळखू येतं."

"डोळे नाहीत ते बरंय भवानीचे," म्हातारी म्हणायची, "असते तर गावात कुणाला राहू दिलं नसतं हिनं!" पण सणाला केलेल्या मधाच्या पोळीचा पहिला तुकडा म्हातारी सीकालाच आणून द्यायची. दोघींची घरं भिंतीला भिंत लागून होती.

एका हिवाळ्यात मराल्दोनं तिच्या नाकाशी हात धरून विचारलं, "काय आहे?"

"लिंबू," सीका म्हणाली. "पिवळं."

हातात काहीच नव्हतं. मराल्दोनं मूठ मिटली आणि तिला म्हणाला, शाबास. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. पोर किती दिवसांपासून अंदाजानं ठोकून देत होती कुणास ठाऊक. लिंबू गेलं, उद्या सावल्या जातील, परवा भिंती जातील. हे सगळं त्याला दिसत होतं, आणि करता काही येत नव्हतं. संतांच्या समाधीवर मेणबत्त्या लावून झाल्या होत्या. झऱ्याच्या पाण्यानं डोळे धुऊन झाले होते. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, ती काडीसुद्धा कुठं दिसेना.

आणि हिवाळा सरला, तोच मास्तर उर्सोनेंनी त्याला हाक मारली.

मास्तर उर्सोने बिशपच्या पदरी होते. वैद्यकी शिकलेले, पण त्यांचा सगळा जीव जनावरांत. पशुपक्ष्यांवर एक मोठा ग्रंथ लिहायला घेतला होता त्यांनी, आणि त्यापायी गावाला भंडावून सोडलं होतं. हत्तीला गुडघे असतात का? सिंहीण मेलेली पिल्लं घालते आणि सिंह त्यांच्यावर फुंकर मारून त्यांना जिवंत करतो, हे खरं का? आता साम्बुकोत सिंह कुणाच्या बापानं पाहिलाय! एकदा त्यांनी मराल्दोला द्राक्षाच्या मळ्यात बसवून ठेवलं होतं, साळू आपल्या काट्यांवर द्राक्षं टोचून पिल्लांना नेतो का ते बघायला. मराल्दो परत येऊन म्हणाला, "नेतो का माहीत नाही, मास्तर. तिथंच बसून खातो एवढं खरं." मास्तर खूष झाले आणि तेवढंच लिहून घेतलं. माणूस भला होता, हे आधीच सांगून ठेवते. त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही. मी काढून बघितलाय.

त्या वसंतात त्यांच्या हाती एक नवं पुस्तक पडलं होतं, कुण्या जुन्या ग्रीक पंडिताचं, अरबांच्या भाषेतून लॅटिनात उतरवलेलं. मराल्दो खोलीत शिरला तेव्हा मास्तर त्याच पुस्तकात नाक खुपसून बसले होते. वर न बघताच त्यांनी विचारलं, "मराल्दो, पाकोळीच्या पिल्लाच्या डोळ्यात सुई खुपसली, तर काय होतं रे?"

"पाप होतं, मास्तर."

मास्तर हसले. "बरं, आणि त्यानंतर?"

"त्यानंतर काय? पिल्लू आंधळं होतं, आणि खुपसणाऱ्याच्या घरावर काहीतरी येतं. क्रूसावर प्रभूच्या कपाळातले काटे पाकोळ्यांनीच चोचीनं उपटले, असं माझी आजी सांगायची. पाकोळीला आमच्यात कुणी हात लावत नाही."

"पुस्तक म्हणतं, पिल्लू आंधळं राहत नाही. डोळा परत येतो. कसा, यावर पंडितांची भांडणं आहेत. बरेच जण म्हणतात, आई एक पाला चोचीतून आणते आणि त्याचा चीक पिल्लाच्या डोळ्याला लावते. भिंतीच्या सावलीत उगवतो, फूल पिवळं, चीकही पिवळा."

"अहो, तो चामखिळीचा पाला!" मराल्दो म्हणाला. "चामखीळ जाळायला लावतो आम्ही तो."

"तोच. पाकोळ्या आल्या की उगवतो आणि त्या निघाल्या की वाळतो, म्हणून पुस्तकात त्याला नावही पाकोळीचंच आहे."

मराल्दो जायला निघाला. तो दारापर्यंत गेला, परत आला. "मास्तर... आणि माणसाच्या डोळ्याला?"

सीकाचं मास्तरांना ठाऊक होतं. त्यांनी पुस्तक मिटलं. "घाई करू नकोस. आधी पाखराचं काय ते बघू. ऐकीव गोष्ट लिहायची नाही, असं मी ठरवलंय. पण मला सुईचा हात हवा, आणि तो या गावात तुझाच आहे."

आता आमच्याकडे पाकोळीचं घरटं दारावर असलं तर माणसं वाकून ये-जा करतात, पण घरट्याला धक्का लावत नाहीत. बिसांताला कळलं तेव्हा ती अंगणात उभी राहून गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "अरे मेल्या, मारियामातेचं पाखरू ते! त्याच्या लेकरांचे डोळे फोडणार? तुझ्या घरात काय कमी अंधार आहे म्हणून आणखी आणतोस?"

"त्यासाठीच करतोय, मावशी," मराल्दो म्हणाला. "पाप लागलं तर मला लागू दे. तिला दिसलं तर झालं."

"पाप काय तुला विचारून लागतं होय, कुणाला लागू म्हणून!" म्हातारीनं दार आपटलं.

पागेच्या कमानीत दोन घरटी शेजारी शेजारी होती. पिल्लं अगदी कोवळी, अंगावर धड पिसंही नव्हती. मराल्दो शिडीवर चढला, बारीक सुई घेतली आणि पिल्लांच्या डोळ्यांत टोचली. एवढे ससाणे शिवले त्यानं, कधी काही वाटलं नव्हतं. त्या दिवशी शिडीवरून उतरला आणि पागेच्या हौदात कोपरापर्यंत हात धूत बसला.

पहिल्या घरट्यातली पिल्लं मास्तरांनी तशीच आईपाशी ठेवली. दुसऱ्या घरट्यातली काढून टोपलीत घातली, वर फडकं टाकलं आणि टोपली आपल्या मागच्या खोलीत नेली. त्यांना भरवायचं काम मराल्दोचं. माश्या आणि उकडलेल्या अंड्याचा चुरा.

"नीट समजून घे," मास्तर म्हणाले. "या टोपलीत आई येणार नाही. आई नाही म्हणजे पाला नाही. हीच पिल्लं आंधळी राहिली आणि तिकडची डोळस झाली, तर पाल्यात गुण आहे असं मी लिहीन. एका घरट्यावरून काही ठरत नाही."

मराल्दोनं मान हलवली. पण त्याच्या डोक्यात एवढंच शिरलं, की टोपलीतली पिल्लं ही गेलेलीच. त्यांच्याकडे बघायची त्याला लाज वाटे. फडक्याखाली हात घालून, बोटांनी चोची चाचपून तो भरवायचा आणि मान फिरवून निघून जायचा. त्यानं एकदा, फक्त एकदा फडकं उचललं असतं तर! पण नाही उचललं.

पहिल्या घरट्याखाली मात्र तो तासन्‌तास बसून असे. आई येई, जाई. एकदा तिच्या चोचीत काहीतरी पिवळं होतं. माशी असेल, गवताची काडी असेल. मराल्दोनं ठरवून टाकलं, फूल होतं ते. आणि एका सकाळी तो शिडीवर चढला, तर एका पिल्लानं त्याच्याकडे मान वळवली. डोळा काळाभोर, ओला, अख्खा! दुसऱ्याचाही उघडत होता. मराल्दो शिडीवरच रडायला लागला. खाली घोड्यांना पाणी पाजणारी माणसं वर बघत राहिली.

तो धावत मास्तरांकडे गेला. मास्तरही उठून उभे राहिले. "म्हणजे पुस्तकातलं खरं! डोळा परत येतो! आता टोपलीतली बघू."

"ती आंधळीच आहेत, मास्तर."

"तू बघितलीस?"

"त्यात बघायचं काय?"

"अरे, बघायचंच आहे. पण अजून आठवडाभर जाऊ दे, लहान-मोठ्यात फरक असतो, आज उघडून घोटाळा नको. आठवड्यानं दोघं मिळून उघडू. तोवर काही करू नकोस. ऐकतोयस ना?"

ऐकत होता, पण त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. दक्षिणेकडून गरम वारा सुटला होता. ओढ्याकाठच्या भिंतींशी उगवलेला पाला खालून पिवळा पडायला लागला होता. आठवड्यानं तो वाळणार, मग पुढच्या वसंताशिवाय नाही. आणि पुढच्या वसंतात सीकाला काय दिसत असेल? मराल्दो घरी गेला तो वाटेत पाला उपटूनच.

सीका उंबऱ्यावर बसून शेंगा सोलत होती. त्यानं सगळं सांगितलं, पिल्लाच्या डोळ्यापर्यंत.

तिनं पाला हुंगला. "हा तर चामखिळीचा! माझे डोळे म्हणजे चामखिळी वाटल्या होय तुला?"

"पाकोळी लावते पिल्लांना. मी या डोळ्यांनी बघितलंय."

"मग लाव की." ती हसत होती. फार हसत होती, सारखं ओठ चावत. "मारियामातेच्या पाखराला चालतं तर मला का नको?"

"दिसायला लागलं की पहिलं काय बघशील?"

"बिसांता मावशीचं पोट," ती म्हणाली. मग जराशानं म्हणाली, "नको. पहिलं तुला बघीन. तू कसा दिसतोस ते माझ्या आता आठवणीतच नाही."

मराल्दोनं देठ मोडला, चीक काडीवर घेतला आणि तिच्या डोळ्यांत सोडला.

ती किंचाळली ती गल्लीच्या टोकाला ऐकू गेली. त्यानं तिला घोंगडीत घट्ट गुंडाळली, हात आत, ससाण्याला गुंडाळतात तशी, आणि छातीशी धरून दुसऱ्या डोळ्यातही थेंब सोडला. "हलू नकोस, सीका! हललीस तर गुण येणार नाही!" मग डोळ्यांवर पट्टी बांधली. त्याचा बेत पक्का होता. पट्टी रोज जराशी सैल करायची, उजेड हळूहळू आत सोडायचा. हेच तर आयुष्यभर करत आला होता तो.

दुसऱ्या दिवशी पट्टीखाली पुन्हा चीक. तिसऱ्या दिवशी पुन्हा. सीका भिंतीशी अंगाचं मुटकुळं करून बसली होती. "बाबा, आत जळतंय रे. काहीतरी चावतंय."

"अंधार दुखतोय तुला, पोरी. दोन दिवसांनी शांत वाटेल."

"आता पुरे, बाबा. मला आहे तेवढं पुरे. खरंच पुरे."

"एकदाच अजून. हलू नकोस."

भिंतीपलीकडून बिसांता ओरडली, "अरे ए कसाया! पोरीचा जीव घेतोस काय?" मराल्दोनं खिडकी लावून घेतली. पोटची पोर गयावया करत होती आणि या बापाला वाटत होतं, पाखरू फडफडतंय, शांत होईल. सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. राग येतो आणि रडूही येतं, आणि कोणाचा राग येतो तेच कळत नाही.

चौथ्या दिवशी ती खरंच शांत झाली. ओरडेनाशी झाली. मराल्दोला वाटलं, जिंकलो. भर दुपारी शीळ घालत तो मास्तरांच्या घरी टोपलीतल्या पिल्लांना भरवायला गेला. मास्तर बाहेर होते. आज मन हलकं होतं म्हणून असेल, त्या बिचाऱ्यांचं तोंड तरी बघावं असं त्याच्या मनात आलं, आणि त्यानं फडकं उचललं.

टोपलीतल्या सगळ्या पिल्लांनी त्याच्याकडे बघितलं. काळेभोर, ओले, अख्खे डोळे. त्यानं बोट डावीकडे नेलं तर माना डावीकडे गेल्या, उजवीकडे नेलं तर उजवीकडे. चोची उघडून ती त्याच्याकडेच अन्न मागत होती. ना आई, ना पाला. कुणी काहीही लावलं नव्हतं त्यांना.

मराल्दोच्या हातातलं अंडं खाली पडलं. तो धावत सुटला. उन्हानं गल्ली इतकी पांढरी झाली होती, की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. सीका अंगणात भिंतीशी बसली होती. तो गुडघ्यांवर पडला, पट्टीची गाठ सोडली, कापड काढून बाजूला टाकलं. पापण्या सुजून लाल झालेल्या, आणि त्यांच्या आत आता फूलही नव्हतं. नुसतं दुधाळ काहीतरी, चिकानं भाजलेलं. सूर्य तिच्या तोंडावर होता.

सीका थोडा वेळ वाट बघत राहिली. मग म्हणाली, "सोड ना, बाबा. सोडतो म्हणून नुसता गाठीशी काय खेळतोयस?"

मराल्दोनं पट्टी परत बांधली. काय करत होता ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. "उद्या," तो म्हणाला. "उद्या सोडू."

उद्या काही झालं नाही, परवाही नाही. सूज उतरली, आणि उतरल्यावर जे राहिलं ते बिसांतानं येऊन बघितलं. म्हातारीला शिव्यांची ददात कधीच नव्हती, पण त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. आपल्या पदरानं पोरीचं तोंड पुसलं आणि तिला आपल्या घरी झोपायला घेऊन गेली.

मास्तरांनी आठवड्यानं बोलावलं. ते खोलीत येरझाऱ्या घालत होते, चेहरा लख्ख. "मराल्दो! टोपली बघितलीस? पाला कशाला लागतो, अरे काहीच लागत नाही! कोवळ्या पिल्लाचा डोळा आपला आपण येतो! आई, चोच, पाला, या सगळ्या म्हाताऱ्यांच्या गप्पा. किती शतकं पंडित एकमेकांचं उतरवून घेत बसले, आणि टोपलीवर फडकं टाकायचं कुणाला सुचलं नाही!" मग थांबून म्हणाले, "एकच राहिलंय. हे फक्त कोवळ्या पिल्लात होतं की वाढलेल्यातही? एक मोठी पाकोळी धर. तिच्यावर करून बघू. पाला लावूनही बघू."

"मोठ्यावर करून झालंय, मास्तर," मराल्दो म्हणाला.

"कधी? कुठं?"

"माझ्या घरी."

मास्तरांना कळायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा ते मटकन खाली बसले. "अरे, मी तुला थांब म्हटलं होतं ना. मी म्हटलं होतं."

"म्हटलं होतं."

"जे होतं तेही गेलं?"

"तेही."

मास्तरांनी तोंडावरून हात फिरवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नव्हे. मग त्यांचा हात मेजावर सरकला, लेखणीपाशी थांबला, आणि हलक्या आवाजात, जणू त्यांना स्वतःलाच लाज वाटत असावी तसं, त्यांनी विचारलं, "किती दिवस लावलास? आणि चीक ताजा होता का?"

मराल्दोनं सांगितलं. ते लिहीत असताना तो तसाच उभा राहिला. लिहून झाल्यावर निघून आला.

त्यानंतर तो कड्यावर गेला नाही. ससाणे आले आणि गेले. सुई त्यानं कुठं टाकली कोण जाणे. चुन्याच्या भट्टीवर दगड वाहायला लागला. ओढ्यापासून गल्लीपर्यंत जिथं जिथं तो पाला दिसला तिथून त्यानं मुळासकट उपटला. दगडाच्या फटींतून पुन्हा फुटायचा, हा पुन्हा उपटायचा. पाणी आता तोच भरायचा. पहिले काही दिवस सीका सवयीनं घडा घेऊन निघाली होती. गल्लीच्या मधोमध उभी राहिली, इकडे तिकडे तोंड फिरवलं, आणि तिथंच खाली बसली. नंतर घड्याला हात लावला नाही. बिसांता मुद्दाम समोरून जायची, पोट पुढं काढून, मोठ्यानं खाकरत, की पोरगी काहीतरी टोमणा मारेल. सीका नुसतं म्हणायची, "कोण आहे?"

मराल्दो तिला खरं सांगणार होता. रोज सांगणार होता. पाल्यात काही नव्हतं, टोपलीतली पिल्लं नुसती अंड्याच्या चुऱ्यावर डोळस झाली, मी थांबायला हवं होतं. रोज पाव मोडताना तो तोंड उघडायचा आणि घास घालून मिटायचा.

पुन्हा ईस्टर आला. भट्टीवरून उरलेला चुना मिळाला होता. शेजारी विचारायला लागले, "काय सुईवाले, यंदा आमची भिंत नाही वाटतं?" कुणाला काय सांगणार? मराल्दोनं बादलीत चुना कालवला आणि गल्लीत गुडघ्यांवर बसून भिंतीला तळापासून हात मारायला लागला. सीका उंबऱ्यावर बसली होती, चुन्याच्या वासाकडे तोंड करून.

"पांढरी झाली का रे?" तिनं विचारलं.

"झाली."

एवढ्यात वर किलबिलाट झाला. सीकानं मान वर केली. वर्षभरात पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "बाबा! आल्या! ऐकलंस? पाकोळ्या आल्या!"

"आल्या खऱ्या."

"मग पाला उगवला असेल ना?"

मराल्दोच्या गुडघ्याशीच, भिंतीच्या बुडातल्या फटीत, कोवळा हिरवा पाला वर आला होता, एक पिवळी कळीसुद्धा. त्यानं त्यावर चुन्याचा कुंचला फिरवला. "नाही. यंदा नाही उगवला."

"उगवेल. पाकोळ्या आल्या की उगवतोच, तूच म्हणालास." मग पाय जवळ ओढून ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मागच्या वेळी मी फार हलले रे. तू सारखा सांगत होतास, हलू नकोस, गुण येणार नाही म्हणून. तरी मी हलले. पुरे पुरे पण म्हटलं. माझंच चुकलं. पिल्लं कशी गप्प बसली असतील बघ."

खरं सांगायला मराल्दोनं तोंड उघडलं.

"या वेळी नाही हलणार," सीका म्हणाली. "कितीही जळू दे. हवं तर बांधून ठेव मला. लावशील ना?"

कुंचल्यातून चुना त्याच्या पायावर ठिबकत होता. वर पाकोळ्या कमानीकडे जात होत्या, घरटी नीट करायला.

"बरं," मराल्दो म्हणाला, आणि भिंतीला चुना लावत राहिला.